निळा पत्रा

३ मार्च
शी! कोंबडीवाल्या मावशींनी खोपटावर नवा पत्रा घातलाय. भडक निळा! माझ्या उताराच्या ऐन मध्यावर. बावीस वर्षं या उतारावर माझा जीव आहे — ओढा, बांध, वर ती दोन वाकडी झाडं. सकाळचं तिरपं ऊन पडलं की मला खाणंपिणं सुचत नाही. आणि बावीस वर्षं ते खोपट डोळ्यांत खुपतंय. मी आपला ते गाळून रंगवतो. आजही गाळलं.

४ मार्च
कोंबड्यांची घाण चपलेला. दिवस वाया!

६ मार्च
मावशी मागे येऊन उभ्या. "पेंटरभाऊ, यात माझं घर कुठाय?" म्हटलं, चित्रात सगळं मावत नाही. "एवढं आभाळ मावलं की!" म्हणाल्या आणि हसत गेल्या. मला काही हसू आलं नाही.

११ मार्च
एक वकील घरी आला होता. उताराची सगळी चित्रं बघितली, एकेकाचा फोटो काढला — कोपऱ्यातल्या सही-तारखेसकट. "जसं दिसतं तसंच काढता ना?" म्हटलं, अगदी तसंच! अंगावर मूठभर मांस चढलं. तसं लिहून सहीसुद्धा दिली. ही म्हणाली, "वकिलाला चित्रं कशाला हवीत?" तिला कलेतलं काय कळतंय!

१९ मार्च
कळलं. उतारावर एका बिल्डरला बंगले बांधायचेत. वकील त्याचा. मावशी म्हणतात, तीस वर्षं इथंच राहते. पक्का कागद एकही नाही. वकिलाने जमिनीच्या कचेरीत माझ्या चित्रांचे फोटो पुढे टाकले — बावीस वर्षांत खोपटाचा मागमूस नाही, खाली चित्रकाराची सही!

धावत कचेरीत गेलो. साहेबांना सांगितलं, खोपट होतं, मीच गाळलं.

"का?"

काय सांगणार! घाण दिसायचं म्हणून. तेच सांगितलं.

साहेबांनी माझ्या सहीचा कागद पुढे सरकवला. "तेव्हा खोटं बोलत होतात, की आता?"

स्वतःची शिसारी येतेय. ही माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

२७ मार्च
आज बिल्डरच्या माणसांनी पत्रा उतरवला. मावशी डोक्यावर खुराडं घेऊन निघाल्या, माझ्यापाशी थांबल्या.

"बसा आता काढायला, भाऊ. मध्ये काही नाही."