दहा सेकंदाला एक फोटो

३ फेब्रुवारी

निलंग्यात येऊन दोन दिवस झाले आणि आज एकदाचा कामाला हात लागला. उमरीत पाच वर्षं लग्नांचे फोटो काढून जीव विटला होता. नवरदेवाच्या मावश्या, आत्या, त्यांचे रुसवे. एक मावशी फोटोत अर्धीच आली म्हणून जेवली नव्हती. इथं शिवशंकर आप्पांच्या आडतीत पगारी नोकरी आहे: दुकानाचे व्हिडिओ करायचे आणि मोबाइलवर टाकायचे. आईला फोन केला तर म्हणाली, रवी, तिथं तरी कोणाला उलटून बोलू नको. जन्मापासून ओळखते मला.

पहिलंच काम झकास आहे. आडतीमागच्या जुन्या गोदामाचा हॉल करायचाय. बारा तारखेला आप्पांच्या मुलीचा, मंजुश्रीचा साखरपुडा त्यातच होणार आणि गोदामाचा हॉल कसा होत गेला ते दोन मिनिटांत पडद्यावर दिसणार. पाहुणे गार पडले पाहिजेत, असं आप्पा म्हणाले. कोपऱ्यात उंच स्टँडवर कॅमेरा बसवला. दहा सेकंदाला एक फोटो, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. काम संपेपर्यंत स्टँड तसूभर हलवायचा नाही. यात येणारा-जाणारा माणूस दिसला न दिसला सारखाच. एका जागी जो बसून राहतो, तोच नीट दिसतो.

४ फेब्रुवारी

गोदामाच्या मधोमध पेव आहे. जमिनीखाली ज्वारी साठवायची विहीरच ती, तोंड अरुंद आणि पोट मोठं. वीस वर्षं बंद होती. आज मलप्पा मामांनी वरची शिळा काढली. तळाला राहिलेली कुजकी ज्वारी उपसायची, मग मुरूम भरून वर फरशी, असं ठरलंय.

मलप्पा मामा आडतीतले सगळ्यात जुने हमाल. माणूस लई गमत्या. कॅमेऱ्यासमोरून गेले की हात हलवणार. दर खेपेला. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा खेकसलो, की मामा, हे लग्न नाही, हात दिसला की शॉट वाया जातो. हाव सर म्हणाले आणि जाताना परत हलवला. दुपारी त्यांची बायको गंगम्मा अक्का भाकरी घेऊन आल्या. त्यांना कॅमेऱ्यातले मामा दाखवले तर पदर तोंडाला लावून हसत बसल्या. म्हणाल्या, ह्या माणसाला घरात पाणी प्यायचं तरी ‘गंगे’ म्हणून गल्लीला ऐकू जाईल असं वरडतंय, तुमचा कॅमेरा काय गप करणार त्याला.

पेवाच्या तोंडाशी मामांनी दोरीला कंदील बांधून आत सोडलाय. पेव उघडलं की दोन दिस वारं खाऊ द्यायचं म्हणे. कंदील आत विझला तर हवा वाईट, माणसानं उतरायचं न्हाई. आज चारदा विझला, चारदा पेटवला. त्या उजेडानं माझे फोटो एक लख्ख, एक काळे. सगळा शॉट लुकलुकतोय. मी कंदील काढायला लावला. मामा म्हणाले, सर, तेवढा एक दिस ऱ्हाऊ द्या. मी म्हणालो, उद्या बघू. आप्पांना तर घाईच होती. उद्याच उपसा म्हणाले.

५ फेब्रुवारी

मलप्पा मामा गेले.

अकराच्या सुमारास पेवात उतरले. मी तेव्हा चहाला गेलो होतो. परत आलो तर मुनीम वीरण्णा आणि दोघं हमाल दोरानं त्यांना वर ओढत होते. तोंड निळं पडलं होतं.

आप्पा दार लावून बोलले. पोलीस आले की गोदामाला कुलूप लागेल, पोरीचा साखरपुडा मोडेल, आडतीचं नाव जाईल. मलप्पाच्या छातीत कळ आली, तो ओट्यावर बसल्या बसल्या गेला, असं सगळ्यांनी सांगायचं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, रविकिरण, तेवढे फोटो काढून टाक.

वर ओढतानाचे आधी पुसले. त्याच्या आधीचे सहाच होते. पेवाच्या काठावर एक हात, कोपरापर्यंत. सातव्यात काठ रिकामा. काढून टाकले. आईनं सांगितलं होतंच, उलटून बोलू नको.

६ फेब्रुवारी

मातीला गेलो. मामा लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. घराच्या भिंतीला टेकवून मामांना मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात हार, डावा तळवा मांडीवर उघडा. डोळे मिटलेले होते, तरी मला समोर उभं राहवेना.

निघताना गंगम्मा अक्कांनी गाठलं. रडत नव्हत्या. एकच विचारलं: जाताना हाक मारली का त्यांनी? कोणाला मारली? मी म्हणालो, नाही अक्का, बसल्या जागी शांत गेले, शब्दसुद्धा काढला नाही. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षांत हाक मारल्याशिवाय पाणी प्यालं न्हाई, आन् जाताना मुकाट गेलं?



७ फेब्रुवारी

पेव मुरुमानं भरलं. चार ट्रॉल्या गेल्या. वर काँक्रीट, आणि चुना-सिमेंटच्या वासात एकदम कुजक्या ज्वारीचा आंबट वास. वीरण्णाला विचारलं. त्याला येत नाही म्हणे.

८ फेब्रुवारी

पेवावर फरशी बसली. पांढरी, गुळगुळीत, आरसाच. दुपारी फोटो तपासले. अकरा वाजून चार मिनिटांपासून सहा फोटोंत फरशीवर हात आहे. कोपरापर्यंत. खाली फरशी अखंड.

कार्डात जुने फोटो मिसळले असतील. पण जुन्या फोटोंत फरशी कुठून येईल? काढून टाकले.

९ फेब्रुवारी

आज अकराला मुद्दाम फरशीवरच नजर लावून उभा होतो. भर उन्हाचा उजेड, मिस्त्री भिंत रंगवून राहिले, रेडिओ चालू. फरशीवर काही नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं, काही नव्हतं.

फोटोंत होतं. हात नाही. माणूस. मांडी घालून बसलेला, डावा तळवा उघडा, पाठ कॅमेऱ्याकडं. अकरा ते सहा, एकाच जागी. सगळे रंगारी पुसट, तो एकटा नीट.

अडीच हजार फोटो. एकेक करून पुसत बसलो.

१० फेब्रुवारी

आज तोंड इकडं आहे. आणि तो पेवावर नाही. चार फरश्या पुढं.

आप्पांना दाखवलं. त्यांना रिकामा हॉल दिसतो. म्हणाले, पोरा, दोन दिवस काढ, मग गावाकडं जाऊन ये. खांद्यावर हात ठेवला.

११ फेब्रुवारी

कॅमेरा बंद केला. बॅटरी काढली. तरी दहा सेकंदाला खट्.

खट्.

मोबाइलमध्ये आईचा फोटो उघडला. तिच्या मागं, उमरीच्या आमच्या ओसरीवर — बसलेला —

१२ फेब्रुवारी

साखरपुडा झाला. व्हिडिओ लागला. टाळ्या. मला पडदाभर तोच दिसत होता, मिटलेले डोळे, पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत. पाहुणे वाहवा करत होते.

गंगम्मा अक्का मागं भांड्यांपाशी उभ्या होत्या. सांगून पाठवलं होतं आप्पांनी, कामाला या म्हणून. जेमतेम आठवडा झाला नवऱ्याला जाऊन. त्यांना पडद्यावर चार तारखेचे मामा दिसले, टोपली घेऊन जाताना, हात हलवताना. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, उपकार झाले बाबा, तुझ्यामुळं डोळे भरून बघितलं.

मी म्हणालो, असू द्या अक्का.

१३ फेब्रुवारी, सकाळी अकरा

हॉलमध्ये बसून लिहितो. स्टँड न्यायला आलो होतो. दार ओढून घेतलं तेव्हा सोपं होतं, आता उघडत नाही. बाहेर ट्रकमधून पोती उतरतायत, माझा आवाज जात नाही. ज्वारीचा वास. श्वास अर्धाच येतो.

गंगम्मा अक्का, ही वही तुमच्यासाठी. कोणाकडून तरी वाचून घ्या.

मी चहाला गेलो नव्हतो. कॅमेऱ्याच्या मागं होतो. दहा पावलांवर. हात वर आला तेव्हा वाटलं, परत गंमत करतायत. पहिल्या फोटोला तसंच वाटलं. दुसऱ्याला नाही. दुसऱ्याला बोटं फरशी — काठ खरवडत होती. मला कळलं होतं. तरी उभा राहिलो. मध्ये गेलो असतो तर शॉट — अक्का, शॉट बिघडला असता. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं, नाही सापडलं.

त्यांनी हाक मारली. आधी तुम्हाला, ‘गंगे’, एकदा. मोठ्यानं नाही, पाणी मागतात तशी. मग मला. ‘सर, हात द्या.’ तीनदा. पूर्ण एक मिनिट. मग बोटं सुटली.

खोटं बोललो तुमच्याशी.

खट्.

फरशीचा सांधा उकललाय. माती वर येऊन राहिली. आता डोळ्यांनी दिसतंय, फोटोत नाही —

बोटं. कोपरापर्यंत.

सर म्हणतायत. आत्ता म्हणाले. दुसऱ्यांदा —

अक्का, वही दाराखालून सारतो. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मी हात दे