पंखातलं तेल आणि सासूबाईंचा उमरा

ताश्कंद, शुक्रवार

आदरणीय हुर्सनोय आपांना धाकट्या मुनीसाचे मनापासून सलाम.

तुम्ही पाठवलेले जर्दाळू, गोधडी आणि मधाची बरणी पोचली. बसवाल्याने चाळीस हजार सोम मागितले, मी तीस टेकवले (बरणी वाटेत गळली होती, ती काय मी गळवली?). तुमचा खोकला कसा आहे? अल्ला तुम्हाला ठणठणीत ठेवो.

इकडे सासूबाईंचा उमरा, म्हणजे मक्केची यात्रा, बुडता बुडता वाचला. निमित्त आमचे हे. निरोपाच्या पुलावाला सगळी गल्ली जमलेली, आणि यांना (तीस वर्षं विमानाच्या कारखान्यात पंखांचे सांधे बुजवलेत ना!) राहवेना. म्हणाले, "आई, विमानाचे पंख आतून पोकळ. विमानाचं जवळजवळ सगळं तेल त्यातच असतं." सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे मला दोन टाक्यांच्या मधे बसवतोस? अल्लाच्या घरी चाललेय रे, अल्लाकडे नाही!" मंडळी हसली, पण त्यांनी उठून सामानाची गाठ सोडली. वय ब्याऐंशी, आयुष्यभराची आस. पुढच्या वर्षाचा भरवसा कोणी द्यावा? यांनी समजूत घातली ती अशी, की उडताना पंख वर वाकतात. (हे सांगायचं असतं का?) सासूबाई म्हणाल्या, "वाकतातसुद्धा!" आणि चपलाही परत फळीवर ठेवल्या.

शेवटी मीच त्यांना अंगणात नेलं. वारा होताच. जेवणाचं लांब कापड, दस्तरखान, अंथरला, मधोमध पुलावाचं ताट नि एक किटली ठेवली. दोन्ही टोकं फडफडत वर. मग टोकांवर भरलेल्या किटल्या ठेवल्या, तशी ती खाली बसली. म्हटलं, "आई, वारा पंखांना वर उचलतो, माणसांचं ओझं मधे. पंख रिकामे असतील तर मुळाशी ताण येणार. तेलाचं वजन त्यांना दाबून धरतं. आणि मधली जागा माणसांना मोकळी." (पोकळ जागा वाया न घालवणारा माणूस, कोणी का असेना, मला आवडतो.)

सासूबाई कच्च्या नाहीत. "आणि चहा संपला की?"

हे दारातून ओरडले, "मधल्या टाकीतलं आधी संपवतात, पंखातलं शेवटी!"

"तू गप्प बस. तीस वर्षं पंखात शिरलास, एकदा तरी विमानात बसलास का?"

सासूबाईंनी टोकांकडे पाहिलं, मग मधल्या किटलीतला चहा ओतून घेतला आणि आत जाऊन गाठ पुन्हा बांधली.

तुमची,
मुनीसा

ता.क. सासूबाईंची सोबतीण म्हणून माझं नाव आहे, ते लिहायचं राहिलं. किटल्यांचं मला पूर्ण पटलंय, आपा. पण परवापासून मी माझ्याही सामानाची गाठ दोनदा सोडलीय. तुम्ही दोनदा इस्तंबूलला उडून आलात, तुमचा पासपोर्टही तयार आहे. सोबतीण गुरुवारपर्यंत बदलता येते, मी विचारून ठेवलंय.

आणखी ता.क. सासूबाईंच्या कानावर हे जाऊ देऊ नका. माझ्या जागी येताय ना, उलट टपाली कळवा.