एका पायात जोडा, एका पायात चप्पल

१४ सप्टेंबर १९८४, शुक्रवार. सौंसर

भोंगाजी सापडला! बहुतेक. 

मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतली मंगला नेहमीसारखी माझ्या बाहुल्यांवर घसरली. शाळेत तो सगळ्यांचाच विषय आहे — शिवणाच्या बाईंची भातुकली अजून सुटली नाही! हसता हसता म्हणाली, "आमच्या सावरगावच्या घरचा भुलोजीबी असाच जुना हाय बाई. एका पायात जोडा अन् एका पायात चप्पल!" माझी पोळी धुळीत पडली.

अडतीस साली नागपूरच्या एका साप्ताहिकात शेवटच्या पानावर भोंगाजीची चित्रकथा यायची. गडी कायम घाईत, म्हणून पायताण कायम चुकीचं. त्या दिवाळीला त्यांनी लाकडी बाहुल्या काढल्या — भोंगाजी, त्याची बायको चंपी आणि कुत्रा. चंपी मला बोरगावला धान्याच्या कणगीमागं मिळाली. कुत्रा नागपूरच्या जुन्या बाजारात. भोंगाजीसाठी अकरा वर्षं वणवण केली. नावं मी कुणाला सांगत नाही. उगाच आणखी चेष्टा. आणि तो पठ्ठ्या इथे जाम नदीच्या पलीकडे देव होऊन बसलाय!

१६ सप्टेंबर, रविवार

तोच!!

मंगलानं वाटेतच बजावलं होतं, "सासूबाईसमोर बाहुली म्हणू नका." घरात पाटावर मातीची भुलाबाई, कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी जिची गाणी म्हणतात ती, नवी, रंग अजून ओला वाटावा अशी. शेजारी तिचा नवरा भुलोजी म्हणून तो. वीतभर उंच. मिशा तशाच वर. हातातला कर्णा कधीच गेलाय, तोंडाशी धरलेली मूठ तेवढी राहिलीय, तिच्यात झेंडूचं फूल खोचलेलं. कपाळावर वर्षानुवर्षांचं कुंकू, थरावर थर. माझे गुडघेच टेकले. त्यांना वाटलं नमस्कार करते. मग केलाच.

सासू पंचफुलाबाई सत्तरीच्या, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, "आधी मातीचाच होता वं माय. फुटला. मंग ह्याले बसवलं. कोजागरीले भुलाबाईसंग जाम नदीत शिरवला, त बुडेच ना! तरंगत तरंगत घाटाले येऊन लागला. तवापासून भुलाबाई दरसाल नवी, भुलोजी हाच."

लाकूड तरंगणार नाही तर काय! हसू दाबलं. पण अंगावर काटा आला तोही खराच.

पायांबद्दल विचारलं. "भोळा हाय ना तो. भोळ्याले कायचं भान!" असं म्हणून त्यांनी त्याचं धोतर सारखं केलं.

२० सप्टेंबर

मंगलाकरवी विचारून पाहिलं — बदल्यात पितळेचा भुलोजी घडवून देते. तिनं घरी माझ्या कपाटाचं साग्रसंगीत वर्णन केलं म्हणे, हिरव्या लुगड्यातली बाई, कान तुटका कुत्रा, सगळं. सासूबाईंचं उत्तर: "देव काय भांडे हायत, बदलून घ्याले?"

बरोबरच आहे. पण झोप लागत नाही.

३० सप्टेंबर, रविवार

आज पिशवीत जुनी कात्रणं घेऊन सावरगावला गेले. दाखवायचीच असं ठरवलं होतं. हा देव नाही, छापील विदूषक आहे, हे एकदा कळलं की सोडतील त्याला. हेतू वाईट होता. माझा मलाच आवडत नव्हता, तरी गेले.

दिवेलागणीला वीसेक पोरी जमल्या. टाळ्या, गाणी, मध्येच फिदीफिदी, आणि तो पाटावर तोंडाशी मूठ धरून, जणू त्यांच्यासारखाच गातोय! मी बघतच राहिले. घरी काचेआड ठेवून मी त्याला कधी असं बघितलं असतं? मग खाऊ ओळखायचा खेळ. पंचफुलाबाईंनी डबा माझ्या कानाशी खुळखुळवला, "वयख मास्तरीनबाई!" मी म्हटलं फुटाणे. नाही. शेंगदाणे. नाही. खारका. नाही! निघाल्या खोबऱ्याच्या वड्या. "तुले काई वयखता येत नाई वं," म्हणाल्या, आणि पोरी लोळून हसल्या.

आधी खाऊ त्याच्यापुढे ठेवला, मग आम्हाला. कात्रणं पिशवीतच राहिली. बाहेर काढायला हात गेला नाही. परतीच्या बसमध्ये रडू आलं. गेला तो माझ्या हातून, कायमचा. तरी मन भरून होतं, हे कसं ते मला सांगता येत नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार. कोजागिरी

आज तिकडे भुलाबाई शिरवतील. तो परत येईल घरी, एकटा. मी गेले नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

मंगला डबा उघडता उघडता म्हणाली, "बाई, सासूबाईनं निरोप देल्ला तुमाले. म्हणे, चंपीले घेऊन ये म्हना मास्तरणीले. भोंगाजी लय वर्सं झाले एकटाच बसून राहिला." मग मलाच विचारते, "चंपी कोन हो?"

त्या घरात मी ही नावं एकदाही काढली नव्हती. म्हणजे पंचफुलाबाई त्याला पहिल्यापासून ओळखून होत्या!

चंपीला काढायचंय आणि कपाटाची किल्ली सापडत नाहीये.