कॅमेऱ्याचं मागचं दार

प्रिय दिवट्या,

तुला या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे. आई तुला साहेब म्हणते, शेजारीपाजारी साहेब म्हणतात, तुझी बायको चारचौघांत नुसतं 'हे' म्हणते. आज कोर्टात तू साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलास तेव्हा समोरच्या वकिलीणबाईंनीही तुला अगदी आदराने 'इन्स्पेक्टरसाहेब' म्हटलं आणि तू मान किंचित तिरकी केलीस, फोटो काढून घेताना करतोस तशी. छान दिसत होतास हो. इस्त्री कडक, आवाज खणखणीत. मी मागच्या बाकावर होते. तू मला पाहिलंस, आणि मग भिंतीकडे बघत बोलत राहिलास. भावाने शपथेवर एवढं बोलायचं आणि बहिणीने दोन ओळीही लिहायच्या नाहीत, हे काही बरं दिसत नाही. म्हणून घरी आल्याआल्या लिहायला बसले. चपलासुद्धा अजून पायात आहेत.

तुला दिवट्या का म्हणतात ते तुझ्या लेकीला तू सांगितलेलं दिसत नाही. परवा ती मला विचारत होती. मी सांगून टाकलं. बाबांचा स्टुडिओ म्हणजे पुढे एक खोली, त्यात पडदा, स्टूल आणि दोन दिवे. आणि मागे डार्करूम, तिला दोन दारं आणि मधे जाडजूड काळा पडदा. तू शाळेतून आलास, तुझा चेंडू आत गेलाय असा तुला साक्षात्कार झाला, आणि पडदा ओढून तू धाडकन दार उघडलंस. आत बाबांच्या हातात एका लग्नाचे रोल उघडे होते. नवरा, नवरी, वऱ्हाड, सगळे एका क्षणात काळे ठिक्कर. बाबा त्या लोकांच्या घरी जाऊन हात जोडून आले, पण तुझ्या अंगाला बोट लावलं नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, 'आमच्या दिवट्या चिरंजीवांनी उजेड पाडला!' आम्ही सगळे हसलो, तू मात्र भोकाड पसरलंस. तेव्हापासून तू दिवट्या, आणि तेव्हापासून फिल्मला उजेड लागला की खेळ खलास, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आता वाचनालयासमोरच्या त्या दुपारचं बोलू. तू कोर्टात एक सांगितलंस, मी मला दिसलं ते सांगते. वाचनालयाची इमारत विकायला काढली म्हणून माणसं फुटपाथवर पुठ्ठे धरून उभी होती. घोषणासुद्धा धड देता येत नव्हत्या त्यांना, एकाने सुरू केली की दुसऱ्याला हसू यायचं. त्यांच्यात आपले चष्मेवाले होते. हो, 'आपले'च म्हणते. शाळेत असताना तू चष्मा फोडून यायचास आणि ते तुला काउंटरवर बसवून काडी वाकवून द्यायचे, कानामागे टोचतेय का म्हणून पुन्हापुन्हा विचारायचे. मी रस्त्याच्या पलीकडे होते, बसथांब्यापाशी, बाबांचा कॅमेरा गळ्यात. मग तुमची गाडी आली, कुणीतरी शिट्टी वाजवली आणि तुम्ही लोक सुरू झालात. चष्मेवाल्यांना घाबरलं की चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायची सवय आहे. तेव्हाही ते तेच करत होते. दोन्ही हात चष्म्यात गुंतलेले, पुठ्ठा काखेत. आणि त्यांच्या मनगटावर दंडुका बसला. मी फोटो काढत राहिले. दुसरं काय करणार होते? मला तेवढंच येतं.

नंतर तुझी माणसं फोन गोळा करायला लागली. बसथांब्यावरची एक कॉलेजची पोरगी, एक बाळ कडेवर घेतलेली बाई, सगळ्यांना उभं करून समोरच फोटो पुसायला लावले. तो जाड्या हवालदार माझ्यापाशी आला, परवानगी आहे का म्हणाला. मी म्हटलं, रस्ता सगळ्यांचा आहे, इथे उभं राहून डोळ्यांना दिसतं त्याचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. लागत असेल तर कायदा दाखवा. तो गांगरला. मग तू आलास. मला वाटलं, चला, भाऊ आला. कसली मी खुळी! तू हसलास आणि म्हणालास, 'ताई, इथे कायदा मी आहे.' माझ्याशी असं बोलायला तुझी जीभ तरी कशी रेटली? तोवर हवालदाराने माझ्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला होता आणि तो उलटासुलटा करून पुसायचं बटण शोधत होता. तू तो त्याच्या हातातून घेतलास. 'यात बटण नसतं, यात फिल्म असते,' तू त्याला शिकवलंस, बाबा गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे अगदी त्या सुरात. मागचं दार उघडलंस, उन्हात धरलंस. त्याने फिल्म ओढून काढायला हात पुढे केला तर तू त्याला अडवलंस. 'गरज नाही. ऊन लागलं की संपलं.' टक्कन दार लावून कॅमेरा माझ्या गळ्यात परत घातलास. सगळे बघत होते.

आणि मग मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं. मला गाडीत घालून ठाण्यात नेलंत, तिथल्या बाकावर बसूनही रडत होते. तू स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिलास, म्हणालास, 'तुझं नाव कुठेच लिहिलेलं नाही, उपकार समज. जा घरी. रोल मी नवा आणून देतो.' आणलासही, कबूल आहे. आपल्या नात्याची किंमत तू एक रोल ठरवलीस, आणि तोही मुदत संपत आलेला.

त्यानंतर मी किती गोड वागले तुझ्याशी, आठव. तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला आले, केक कापतानाचे फोटो काढले. तू पाहुण्यांना सांगत होतास, 'आमच्या ताईच्या हातात कॅमेरा दिला की तिला कायदा आठवतो,' आणि सगळे खिदळले. मीही हसले. हसत हसत पुढचा फोटो काढला. चष्मेवाल्यांचं मनगट वाकडंच जुळलंय. बारीक पेचकस बोटांत ठरत नाही, चष्म्याचा स्क्रू निसटतो नि घरंगळत जातो, आणि मग तो म्हातारा माणूस दुकानात जमिनीवर रांगत तो शोधत असतो. वर खटला त्यांच्यावरच! पोलिसावर काठी उगारली म्हणून. शिक्षा झाली तर उरलेलं आयुष्य तुरुंगात जायचं. त्यांच्या दुकानातून बाहेर पडले की दर वेळी मला वाटायचं, आत्ताच्या आत्ता तुझ्या घरी यावं आणि तुझी कॉलर धरावी. आले नाही. आता कळेल तुला का ते.

बाबांचा शेवटचा कॅमेरा तू नीट पाहिलेलाच नाहीस. तू ट्रेनिंगला गेल्यावर घेतला त्यांनी. त्याची एक गंमत आहे. रोल घातला की हा कॅमेरा घर्रर्र करत आधी सगळी फिल्म डबीतून बाहेर ओढून घेतो, आणि मग एकेक फोटो काढला की तेवढा तुकडा परत डबीत गुंडाळतो. म्हणजे जे काढून झालं ते डबीत, अंधारात. बाहेर उरते ती कोरी फिल्म. मागचं दार कुणी उघडलं तर कोरी जळते, काढलेले फोटो शाबूत. बाबांनी मुद्दाम शोधून घेतला होता असला. म्हणायचे, 'घरात दिवटा असला की असाच कॅमेरा लागतो.' तर बाबा रे, तू ऊन दाखवलंस ते कोऱ्या फिल्मला. त्या जाड्याला फिल्म ओढू दिली असतीस तर सगळं गेलं असतं. त्याला काही कळत नव्हतं, पण त्याने काम चोख केलं असतं. तुला कळत होतं ना! बाबांकडून शिकलेलं तेवढं एक तुझ्या लक्षात राहिलं, आणि त्यानेच तुला खड्ड्यात घातलं. तू दार उघडलंस तेव्हाच मला हे माहीत होतं. रडत होते ती फोटो गेले म्हणून नाही. ते उघडणारा हात तुझा होता म्हणून.

फोटो दोन महत्त्वाचे. एकात चष्मेवाले दोन्ही हातांनी चष्मा पुसताहेत आणि दंडुका त्यांच्या डोक्याच्या वर हवेत आहे, मारणारा चौकटीच्या बाहेर. त्यांना सोडवायला तेवढा पुरे. तो त्यांच्या वकिलीणबाईंकडे केव्हाच दिलाय. दुसऱ्यात दंडुका मनगटावर बसलाय, आणि तो धरणारा तू आहेस. दात दिसताहेत तुझे. हा दुसरा मी आजपर्यंत पर्समध्ये ठेवला होता, निगेटिव्हसकट पाकिटात घालून, कुणालाही न दाखवता. मनाशी ठरवलं होतं, आज तू खरं बोललास तर फाडून टाकीन. बाईंनी तुला विचारलं, तिथे कुणी फोटो काढत होतं का? तू म्हणालास, 'कुणीही नाही.' त्यांनी पुन्हा विचारलं, तुमची बहीण? फोटोग्राफर आहेत ना त्या? आणि तू भिंतीकडे बघत म्हणालास, 'माझी बहीण त्या दिवशी घरी होती. आईला बरं नव्हतं.' आईला कशाला ओढलंस रे मधे? ती त्या दिवशी ठणठणीत होती. कोर्टाच्या जिन्यातच मी पर्स उघडली आणि पाकीट बाईंच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं आणि त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

मला आनंद झालाय. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. तुझ्या खांद्यावरच्या फिती उतरतील, लोक तोंडावर नाही तरी पाठीमागे बोलतील, 'साहेब' म्हणताना अडखळतील, हे सगळं मी अंथरुणावर पडल्यापडल्या कितीदा रंगवलंय. त्या कॉलेजच्या पोरीचे फोटो तू पुसायला लावलेस तेव्हा ती 'सॉरी सर' म्हणाली होती. तिने कशाबद्दल माफी मागायची? तेही तुझ्या नावावर लिहून ठेवलंय मी मनात. आईचं एकच पालुपद आहे, भाऊ आहे तुझा. खरं आहे. परका असतास तर मला एवढी चीड आलीच नसती. आई तुझ्याकडे राहते, ती माझ्याशी बोलायची बंद होईल, तुझी लेक आत्याकडे यायची थांबेल. त्याचा विचार करून झालाय माझा, अनेकदा. त्या पोरीसाठी पोटात तुटतं. तरीही.

तर आता कामाचं. हे पत्र तुझ्या बायकोच्या हाती देतेय, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता यायचं नाही. फोटो आणि निगेटिव्ह बाईंनी तिथल्या तिथे कोर्टात जमा केले आहेत, तेव्हा धावपळ करू नकोस. उद्या सकाळी मला साक्षीला बोलावलंय. फोटो कुणी काढला विचारतील, मी म्हणेन मी. मग विचारतील, दंडुका कुणाच्या हातात आहे, ओळखता का? तेव्हा तू तिथे असायला हवास, एवढ्यासाठी लिहिलं. तब्येतीचं कारण काढू नकोस, ड्युटी लावून घेऊ नकोस, बाहेर गाडीत बसून राहू नकोस. पुढच्या बाकावर बस. मी तुझ्याकडे बोट दाखवून 'हा माझा भाऊ' म्हणेन, त्या वेळचा तुझा चेहरा मला हवा आहे. कोर्टात फोटो काढायला मनाई आहे, आणि ती मी पाळणार आहे, कारण तसा नियम खरोखरच लिहिलेला आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहीन.

उद्या दुपारपर्यंत तरी तुझीच,
ताई