जामीनदाराची सही

दादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. कर्जाचे कागद टेबलावर ठेवलेत.

तुझं गणित बरोबर आहे. विशेष मुलांच्या बाईंना पगार बेताचाच, आणि या पदवीचे हप्ते दहा वर्षं मानगुटीवर बसणार. पण मी मदतनीस म्हणून जाते त्या वर्गात, कधीच न बोललेली सात वर्षांची पोर काल माझा हात धरून खिडकीपाशी बराच वेळ बसली आणि हळूच म्हणाली, "ऊन." तेव्हापासून मी तरंगतेच आहे, घरी कशी आले तेही आठवत नाही.

जामीनदार म्हणून सही करशील? माझ्यापायी तू कॉलेज सोडलंस, म्हणून समोर विचारायला जीभ रेटली नाही. नाही केलीस तर संध्याकाळी काही समजावू नकोस. कागद बघून मला कळेल.

बारकी