गोदीच्या झोपेचा बंदोबस्त

२ सप्टेंबर १९५५, सकाळी
काल रात्रीही गोदी झोपली नाही. गोदी म्हणजे उमाची मांजर. लग्नात हंडे-पातेल्यांबरोबर आमच्या घरी आली. उमा बाळंतपणाला अंबडला गेली, तेव्हापासून या भोकरदनच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच. ही बया रात्रभर उंबऱ्यावर बसून माजघराच्या मधोमध बघत राहते. अंगावरचे केस उभे. मध्येच ओरडते, ते ऐकवत नाही.
उमाचं पत्र आलं. बाळ अडीच महिन्यांचं झालं. २५ तारखेला सासरे दोघांना घेऊन येणार. पण सासूबाईंची अट आहे. पाळलेलं मांजर ज्या घरात रात्री टेकत नाही तिथं तान्हं न्यायचं नाही. शुद्ध अडाणीपणा! पण माझ्या मुलाचं तोंड बघायचं तर मांजर झोपलीच पाहिजे. आठ दिवसांत काम फत्ते करतो.

३ सप्टेंबर
टाइमटेबल केलं. सहाला दूध-भाकरी, सातला व्यायाम, नऊला झोप. भिंतीवर चिकटवलं.

४ सप्टेंबर
व्यायाम मीच केला. सुतळीला चिंधी बांधून माजघरभर पळालो. गोदी उंबऱ्यावरून बघत होती. टाइमटेबलमध्ये दोष नाही. मांजरीला माहेरची शिस्त नाही.

६ सप्टेंबर
मूळ कारण सापडलं. वाऱ्याची झुळूक! माजघराची एकुलती एक खिडकी बंद केली, फटीत कागद कोंबले. आता घर कसं उबदार झालंय.
पाऊस चालूच आहे.

७ सप्टेंबर
गोदी आत यायलाच तयार नाही. उचलून आणली तर हातावर चार ओरखडे. आयोडीन लावलं. उपकाराची जाण जनावराला नसते, हे मी नेहमीच म्हणतो.

९ सप्टेंबर
खोका आणला. उमाची जुनी साडी चौघडी करून आत घातली. ठेवायचा कुठे? माजघराच्या बरोब्बर मध्ये. तिथं भीती वाटते तर तिथंच झोपवायची, म्हणजे भीती मोडते. ही सायकॉलॉजी आहे.
पण जमीन तिथं उंचसखल. सारवणाखाली एक चपटा दगड वर आलाय, खोका डुगडुगतो.

१० सप्टेंबर
घरमालक पुंजारामची आई झुंबरबाई शेजारीच राहते. तिची पहार मागायला गेलो. कशाला म्हणून विचारलं, सांगितलं. म्हातारी म्हणाली, भाऊ, त्या दगडाला हात लावू नगा, त्याच्याखाली पेव हाय. माझ्या सासऱ्यानं त्याच्यात ज्वारी भरल्ती. मंग रझाकारांच्या वक्ताला समदे पळून गेल्ते. पेव नंतर बुजवलं का तसंच ऱ्हायलं, कोन जाणे.
मी तिला समजावलं की जमिनीत धान्य पुरायचे दिवस गेले. आणि सात वर्षांपूर्वीच्या ज्वारीनं काय होणार? पहार दिली नाही. कचेरीतल्या शिपायाकडून आणली.

११ सप्टेंबर, रविवार
दगडाची एक कड उचकटली, खालचं चिखलाचं लिंपण फोडलं, दगड तिरपा करून परत बसवला. जमीन बऱ्यापैकी सपाट. बाजूला बोटभर फट राहिली, ती खोक्याखाली झाकली जाते. कारागिरी माझ्या रक्तात आहे.

१२ सप्टेंबर
घरात आंबूस वास. गोदीनं दूध सांडलं असणार.
तिला खोक्यात घालून माजघराचं दार लावलं. रात्रभर दारावर नखं. मी मात्र तिथंच बाजेवर मेल्यासारखा झोपलो. म्हणजे खोली झोपेला उत्तम आहे, हे सिद्ध झालं.

१४ सप्टेंबर
डोकं ठणकतंय. हवा बदलली, दुसरं काय.
घासलेट भेसळीचं दिसतं. कंदील टेबलावर असला की ठीक, खोक्याजवळ जमिनीवर ठेवला की ज्योत निळी होऊन बारीक होते. दुकानदाराला झापलं. तो म्हणाला, समद्या गावाला त्याच डब्यातलं देऊन राह्यलो साहेब, कुनाची तक्रार न्हाई. खोटारडा.

१६ सप्टेंबर
फटीतून मुंग्या निघाल्या. दोन हात चालल्या आणि जागच्या जागी थांबल्या. झाडून टाकल्या. मुंग्यांचा बंदोबस्त आपोआप झाला.

१७ सप्टेंबर
गोदीचा आवाज बसलाय. आता ओरडत नाही, नुसतं तोंड उघडते. ही प्रगती आहे.
उमाला लिहिलं, मांजर आता बिलकुल ओरडत नाही. खोटं काही लिहिलं नाही.

१९ सप्टेंबर
जायफळ! हे आधी का सुचलं नाही? तान्ह्या पोरांना उगाळून देतात, मग मांजरीला का नाही? सहाणेवर चांगले वीस वेढे उगाळून दुधातून पाजलं. तिच्या झोकांड्या जात होत्या. खोक्यात ठेवलं, दार लावलं.

२० सप्टेंबर, सकाळी ७
सक्सेस! गोदी रात्रभर झोपली! नखं नाहीत, आवाज नाही. आत्ताही झोपली आहे. हाक मारली तरी कान हलत नाही. अशी झोप मी माणसांत पाहिली नाही.
अंबडला तार केली. मांजर झोपते, या.

२० सप्टेंबर, संध्याकाळी
झुंबरबाई ताक घेऊन आली होती. खोक्यात डोकावली आणि गोदीला उचलून अंगणात नेलं. मांजर फडक्यासारखी लोंबत होती. म्हातारीनं पाणी मारलं, पाठ चोळली. अर्ध्या तासानं गोदी ओकली आणि उभी राहिली. झुंबरबाई म्हणाली, ही झोप न्हाई भाऊ, ही दुसरीच झोप हाय.
जायफळ जास्त झालं, एवढंच. उद्यापासून दहा वेढे.

२२ सप्टेंबर
गोदी झुंबरबाईच्या छपरावर. खाली येत नाही. हरकत नाही, पंचवीसला पकडून आणू.
बाळाची तयारी केली. बाजेवरून मूल पडतं, म्हणून गादी जमिनीवरच. खोका होता तीच जागा, तिथं झोप हमखास लागते हे मी स्वतः पाहिलंय. दुपटं, लहान उशी, वर मच्छरदाणी. गादी चेपून बघताना घेरी आली. आनंदानं असेल.

२४ सप्टेंबर
डोकं. नोंद नंतर.
बाकी सगळं जय्यत.

२५ सप्टेंबर, रात्री, ओसरीवर
दोनच्या मोटारीनं आले. सासरे भालचंद्रराव पुढं, मागं उमा, छातीशी बाळ. मी हात पुढे केले. तेवढ्यात झुंबरबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. म्हणाली, पोरी, आधी कंदील जाऊ दे आत, मंग तू.
इकडे पेवात माणूस उतरवण्याआधी कंदील सोडतात; तो विझला तर आतली हवा जीवघेणी समजतात. पण हे माजघर होतं, माझं राहतं घर! मी हे सासऱ्यांना सांगतही होतो. पुंजारामनं पेटलेला कंदील काठीला अडकवला, दारातूनच आत सरकवला आणि मच्छरदाणीशेजारी जमिनीवर टेकवला. ज्योत निळी झाली. बारीक झाली. विझली.
घासलेट भेसळीचं आहे, असं मी म्हणालो. पुंजारामनं स्वतःच्या घरचा कंदील आणला. तोही विझला.
वारा आहे, असं म्हणणार होतो. पण खिडकीच्या फटीत कागद मीच कोंबले होते.
उमानं विचारलं, बाळाची गादी कुठं घातलीय तुम्ही?
विझलेला कंदील गादीच्या शेजारीच होता. मी बोटानं दाखवलं.
ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाळाच्या तोंडावरचं दुपटं सारखं केलं आणि पायरी उतरली. सासरे म्हणाले, शरदचंद्र, आम्ही निरोप पाठवल्याशिवाय अंबडला येऊ नका. मला भीती वाटली. त्यांची नाही. माझ्या बाळाच्या किती जवळून काय गेलं, त्याची.
झुंबरबाईच्या छपराखालून जाताना उमानं एकदाच हाक मारली. गोदीनं सरळ तिच्या खांद्यावर उडी टाकली.
साडेचारची मोटार होती. मी स्टँडपर्यंत गेलो, पण पिंपळामागेच थांबलो. उमा खिडकीशी बसली होती. मोटार अजून सुरूही झाली नव्हती आणि गोदी बाळाच्या पायाशी, तिच्या मांडीवर, गाढ झोपली होती.