उत्साही गट

वाई,
३ जुलै २०२५

ती. अरुंधतीताईंस,
चारुशीलाचा सा. न. वि. वि.

आज गुरुवार. सकाळी मयूरीचा डबा केला, तिला शाळेत सोडलं, वकिलांच्या ऑफिसात जाऊन टायपिंग केलं, संध्याकाळी घरी आले. बारीक पाऊस होता, कपडे वाळले नाहीत. हे गेल्यापासून दिवस असेच जातात.

फोनवर बोलले तर मयूरी दाराआडून ऐकते, म्हणून लिहिते आहे. शाळेने यंदा आरोग्याचा एक उपक्रम काढलाय. सहावीच्या सगळ्या मुलांची वजनं-उंच्या घेतल्या आणि ज्यांची वजनं जास्त भरली त्यांचा वेगळा गट केला. मयूरी त्यात आहे. शाळेने गटाचं नाव 'उत्साही गट' ठेवलंय. मुलं त्याला 'हत्ती गट' म्हणतात. दर गुरुवारी साताऱ्याहून एक मॅडम येतात, मैदानावर खेळ घेतात, डबे उघडून बघतात आणि मग एकेकाला बाजूला बसवून घरचं विचारतात. घरात कोण कोण आहे, कोण वाढतं, कोणाबरोबर जेवता. वजनासाठी आल्या आहेत तर त्यांनी वजन बघावं. घरात कशाला डोकावायचं? ज्या घरात नुकताच माणूस गेलाय, तिथे आई मुलीकडे लक्ष देत नाही असं लिहायला त्यांना किती वेळ लागणार?

उन्हाळ्यापासून ती भरली आहे हे मलाही दिसतं. पण कशाने, ते कळत नाही. यांचं वर्ष अजून सरलं नाही, त्यामुळे घरात गोडधोड नाही, तळण नाही. हे असताना जे शिजत होतं तेच आणि तेवढंच शिजतं. तेव्हा ती बाहेर काहीतरी खात असणार. कोण देतं, ते मी शोधून काढीन.

तुमची गुडघेदुखी कशी आहे? गोपाळकृष्णास आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपली,
चारुशीला


सांगली,
९ जुलै २०२५

चि. चारुशीला हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाकिटावर माझा हात सवयीने 'सौ.' लिहून गेला. खोडायचं धैर्य झालं नाही, तसंच टाकते आहे. राग मानू नकोस.

गुडघ्यांचं विचारू नये आणि मी सांगू नये, एवढं ठरवून टाकू. वाईच्या घाटावरचं पाणी आमच्या सांगलीला वेळेवर येतं, तुझं पत्र मात्र मिरजेला कुठेतरी गाडी बदलत बसलं असावं.

आता उपक्रमाचं. तुमच्या माहेरी दूधवाला हसला तरी पाणी घातलं असेल म्हणतात, तशातली तू. अगं, मॅडम विचारणारच. माझा गोपाळकृष्ण मिरजेच्या दवाखान्यात मुलांचं हेच बघतो. तो म्हणाला की मुलाच्या ताटावरून काही कळत नाही, ते ताट कोणत्या घरात मांडलंय ते बघावं लागतं. त्याला दुखवायचं नव्हतं, पण हे तुला लिहू की नको असं मला झालं. आमच्या पुष्करलाही लहानपणी भोपळा म्हणायचे. बाबा त्याला म्हणायचे, की ताटात काही टाकशील तर पंगतीतून उठवीन. तुझ्या हातचं जेवतानाही तो शेवटपर्यंत ताट पुसून उठायचा, तुला माहीतच आहे.

स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्टी आहे. पोरीला इकडे पाठव. हवापालट होईल, मलाही बरं वाटेल.

जपून राहा. माया आहेच.

अरुंधती


वाई,
२७ जुलै २०२५

ती. अरुंधतीताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट ठेवून दिलंय.

ताई, मी स्पष्टच लिहिते. गोपाळकृष्णाने इतकं सांगावं, तुम्ही त्याच वेळी मयूरीला बोलवावं, आणि मॅडमनी तिला विचारावं की सुट्टीत नातेवाइकांकडे जातेस का, हे सगळं एकदम कसं झालं? तुमचं नि शाळेचं काही बोलणं झालंय का? एकटीच्याने मुलगी सांभाळली जात नाही, तिला सांगलीला ठेवू, असं मनात असेल तर मला सांगा. मी ऐकून घेईन. देणार नाही, पण ऐकून घेईन.

इकडे वजन परत वाढलंय. शाळेत धावते, दोरीवरच्या उड्या मारते, डब्यात मी काकडी देते, तरी वाढतं. मी शाळेबाहेरच्या वडापाववाल्यावर नजर ठेवली. ती तिथे थांबतच नाही, सरळ घरी येते. मग शेजारच्या रंगूबाईंवर संशय आला. त्यांचं कोणी जवळ नाही आणि मयूरीवर जीव आहे. काल दारात जाऊन विचारलं. त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं, की आवं वैनी, माज्या घरात साकरंचा दाना न्हाई, मला शुगर हाय, म्या काय चारनार तुमच्या पोरीला, डोंबल? पोरगी तुमच्याच घरात जेवती, तवा तुमच्याच घरात बगा. मी घरी आले. आज त्यांनी माझ्या दारावरून तोंड फिरवून पाणी भरलं.

मी मयूरीला विचारलं. ती म्हणाली की ती बाहेर काही खात नाही. खोटं बोलणारी ती नाही. पण काहीतरी लपवते आहे. जेवताना माझ्याकडे बघत नाही.

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी संपली की शाळेत जाऊन तिचं नाव त्या गटातून काढायचं ठरवलंय. नाहीच काढलं तर शाळा बदलीन. तिला तुमच्याकडे यायचंय, म्हणून पाठवते आहे. रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत यावी.

रागावू नये. रागावलात तरी लोभ ठेवावा.

चारुशीला


सांगली,
१८ ऑगस्ट २०२५

चि. चारुशीला,
आशीर्वाद.

पोर सुखरूप पोचल्याचं कळलं. तुझ्या पत्राचा राग आला होता. शाळेतल्या कुणालाच मी ओळखत नाही, आणि तुझी मुलगी तुझ्याकडून घ्यावी असं स्वप्नातही आलं नाही. राग आता गेलाय. का गेला ते सांगते. मयूरीने तुला सांगू नको म्हणून गळ्याची शपथ घातली होती. ती मी मोडते आहे.

पहिल्या रात्री मी तिच्या आवडीची भरली वांगी केली. दोन फुलके, थोडा भात, आणि ती उठली. मला वाटलं लाजली. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. मी चेष्टा केली, की आत्याच्या हातचं आवडत नाही वाटतं, तुझा हत्ती गट रागवेल. तर म्हणाली की पोट भरलं, आणि इथे बाबांचं नसतं.

मला कळेना. जवळ घेतलं तेव्हा हळूहळू बोलली. म्हणाली की आई अजून तिघांचं करते. उरलं की पातेल्याकडे बघत बसते आणि मग स्वतः जेवत नाही, झाकून ठेवते. एकदा बाबांच्या पोळ्या मी खाल्ल्या तर आई नीट जेवली. म्हणून मी रोज बाबांचं संपवते. मग मला विचारलं, की गटातल्या मॅडमना हे सांगितलं तर आईला रागवतील का? त्यांना तिने अजून काही सांगितलेलं नाही.

चारू, तुला दोष देत नाही. पुष्कर गेल्यावर मीही त्याच्या वाढदिवसाचा फोन लावला होता. पण ताटात काही टाकायचं नाही हा आपल्या आजोबांचा हट्ट पोरीने वेगळ्याच कारणाने पुरवलाय. बघ काय करायचं ते.

तुझी,
अरुंधती


वाई,
२५ ऑगस्ट २०२५

ती. अरुंधतीताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं. दुपारी टायपिंगमध्ये खूप चुका झाल्या.

मी पोळ्या मोजून करत नाही. हाताच्या अंदाजाने कणीक घेते. कुणी गेलंय हे हाताला कळलंच नाही, आणि मी सगळीकडे चोर शोधत फिरले.

मयूरीला तुम्ही सांगितल्याचं बोलले नाही. शपथ तिची तिच्याजवळ राहू दे. रात्री दोघींपुरतंच केलं. ती पोळीच्या डब्यात डोकावली, मग माझ्या ताटात बघितलं. मी तिच्या आधी जेवायला सुरुवात केली. भूक नव्हती, तरी पूर्ण जेवले. तिने दोनदा विचारलं, की आई, अजून घेऊ का? मी म्हटलं, भूक असेल तर घे. तिने घेतलं नाही. मग खूप दिवसांनी शाळेतलं काहीतरी सांगत बसली, गटातला एक मुलगा दोरीत पाय अडकून पडला ते. हसली.

गुरुवारी शाळेत गेले. नाव काढायला नाही. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि पाणी मागवलं. मला त्या अजूनही फार विचारतात असंच वाटतं, पण नाव राहू दिलंय. मयूरीला तिथे खेळायला आवडतं म्हणे. हे मला मॅडमकडूनच कळलं.

रंगूबाईंची माफी मागितली. म्हणाल्या, की आता कळलं व्हय, बसा वैनी, चा बिनसाकरीचा हाय. बसले.

गणपती यंदा आपल्याकडे नाहीत, तेव्हा तुमच्याकडची आरती मयूरीला फोनवर ऐकवा. पुढच्या सुट्टीतही ती येईल, हवे तितके दिवस राहील. मागच्या पत्रात जे लिहिलं ते मनातून काढून टाकावं, आणि माझ्यावरची माया आहे तशी ठेवावी.

मयूरी शाळेत गेली आहे. आज मला सुट्टी आहे. गिरणी दुपारी बंद होते, म्हणून पत्र इथेच थांबवून दळण टाकून येते. गव्हाचा डबा या वेळी अर्धाच भरलाय.

आपली,
चारुशीला